ऑक्टोबरचा नर आणि मेचं पिल्लू

मंडळी, आधी एका शब्दाचा घोळ मिटवून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मराठीत पिंजऱ्यातला पांढरा ससाही ससा आणि माळावर कुत्र्याला हुलकावणी देत सुसाट पळणाराही ससाच. प्राणिशास्त्रात मात्र ही दोन वेगळी घराणी आहेत. पाळीव ससा बीळ खणून कळपाने राहणाऱ्या युरोपीय सशाचा वंशज. त्याची पिल्लं उघडीबोडकी आणि आंधळी जन्मतात, पेशीत गुणसूत्रं ४४. रानससा बीळ करत नाही. तो गवतात अंगापुरता खळगा करून बसतो, त्याची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात आणि गुणसूत्रं ४८. आज बोलायचं ते या दुसऱ्याबद्दल, त्यातही युरोपच्या शेतांमधल्या तपकिरी रानसशाबद्दल. शास्त्रीय नाव लेपस युरोपियस, वजन ३ ते ५ किलो. त्याच्या घटत्या संख्येचा अभ्यास बऱ्याच काळापासून चालू आहे आणि नराच्या प्रजननक्षमतेचा प्रश्नही, म्हणजे ससे घटले ते नर नापीक झाल्यामुळे का हा, तिथेच नीट विचारला गेला.

घट खरी आहे, त्याबद्दल वाद नाही. साधारण १९६०च्या दशकापासून युरोपभर उतरती कळा लागली. डेन्मार्कमध्ये एके काळी वर्षाला चार लाखांवर ससे शिकारीत मारले जात, तो आकडा पुढे एक लाखाच्याही खाली गेला. ब्रिटनमध्ये व्हिक्टोरियन काळात ४० लाख रानससे असावेत असा अंदाज मांडला जातो, विसाव्या शतकाच्या अखेरीस ८ लाखांच्या आसपास उरले. १९९५ साली तिथल्या जैवविविधता आराखड्यात या प्राण्यासाठी वेगळी योजना करावी लागली. स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्समध्ये तो धोक्यातल्या प्राण्यांच्या लाल यादीत आहे. ज्या प्राण्याच्या विणीची म्हण पडावी, तोच कमी होऊ लागला म्हटल्यावर कुणालाही पहिली शंका येते ती विणीचीच. आणि वीण म्हटली की एक बोट नराकडे जातं.

ही शंका उगाच आलेली नव्हती. १९९२मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी माणसाच्या वीर्यातली शुक्राणूंची संख्या पन्नास वर्षांत घटल्याचं मांडलं. १९९४मध्ये फ्लोरिडातल्या अपॉपका तलावातल्या मगरींच्या नरांमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी आणि लिंग आखूड असल्याचं पुढे आलं. त्या तलावात १९८० साली कीटकनाशक सांडलं होतं. त्याच काळात विन्क्लोझोलिन या बुरशीनाशकावर प्रयोगशाळेत काम झालं. त्याचं शरीरात विघटन होऊन जे पदार्थ तयार होतात ते पुरुष संप्रेरकाच्या ग्राहकाला (पेशीतल्या ज्या जागी संप्रेरक जाऊन बसतं तिला) चिकटून बसतात, त्यामुळे खऱ्या संप्रेरकाला तिथे जागाच मिळत नाही. गाभण उंदरीला ते दिलं की नर पिल्लांची जननेंद्रियं मादीकडे झुकलेली निघत. लिन्युरॉन हे तणनाशकही त्याच जातीचं. आता विचार करा: रानससा फवारलेल्या शेतातच जन्मतो, तिथलंच खातो आणि अंगावर बसलेलं औषध जिभेने चाटून घेतो. त्याच्यावर परिणाम होत असेल हा प्रश्न विचारायलाच हवा होता.

गडबड झाली ती उत्तर कुठे शोधायचं यात.

मेलेला रानससा अभ्यासकाला सहज मिळतो तो शिकारीच्या हंगामात. जर्मनीत सशाची शिकार १ ऑक्टोबर ते १५ जानेवारी. बाकी मध्य युरोपातही शरद ऋतू आणि हिवाळ्याची सुरुवात हाच काळ. शेतं मोकळी झालेली असतात, शिकारी हाके घालतात, एका दिवसात कितीतरी ससे हाती लागतात. नराचं पोट उघडलं की वृषण सुपारीसारखे आक्रसलेले, अंडकोशातून वर जांघेच्या नळीत ओढले गेलेले, आणि अधिवृषणात (वृषणाला चिकटलेल्या, शुक्राणू साठवणाऱ्या नळीत) शुक्राणू नाहीत किंवा नावालाच. पाहणारा म्हणणार, नर वांझ झाला.

प्रत्यक्षात तो नर सुट्टीवर आहे.

रानसशाची वीण दिवसाच्या लांबीवर चालते. मध्य युरोपात मादी साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत गाभण राहते. नराचे वृषण ऑगस्टपासून उतरणीला लागतात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळ गाठतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरात पुन्हा भरू लागतात. म्हणजे मादीच्या माजाच्या आधीच तो तयार असतो. या उतरणीत वृषणाचं वजन कित्येक पटींनी घटतं. डोक्यातली पिनियल ग्रंथी रात्रीच्या लांबीनुसार मेलाटोनिन हे संप्रेरक सोडते आणि त्या इशाऱ्यावर हे चक्र फिरतं. एकोणिसाव्या शतकात हाच प्राणी अर्जेंटिना आणि न्यूझीलंडला नेऊन सोडला. तिथे त्याच्या विणीचं कॅलेंडर सहा महिन्यांनी फिरलं. रक्त तेच, सूर्य उलटा.

तेव्हा पहिला नियम हा की ऑक्टोबरच्या नरावरून मार्चच्या नराबद्दल काहीही बोलू नये. तपासणी करायची तर दोनच मार्ग आहेत. एक तर विणीच्या काळात जिवंत नर जाळ्यात किंवा पिंजऱ्यात पकडून, भूल देऊन तपासायचा. नाहीतर शिकारीतल्या नरांतून फक्त डिसेंबरच्या उत्तरार्धातले आणि जानेवारीतले निवडायचे, आणि तेही आठवड्यागणिक वेगळे मोजायचे. दोन आठवड्यांच्या फरकाने चित्र पालटतं.

आता प्रत्यक्ष तपासणी. हा भाग सविस्तर सांगतो, कारण चुका इथेच होतात.

हातमोजे आणि मास्क आधी. रानसशाला तुलारेमिया हा जिवाणूंचा रोग होतो आणि त्याचे मोजके जिवाणूसुद्धा माणसाला आजारी पाडायला पुरतात. कातडं सोलताना कापलेलं बोट किंवा उडालेला थेंब एवढं निमित्त पुरेसं आहे. यकृत, प्लीहा यांवर पांढरे ठिपके दिसले तर काम तिथेच थांबवायचं आणि नमुना पशुवैद्यकीय प्रयोगशाळेकडे द्यायचा.

मग वय. पहिल्या वर्षाच्या, अजून वयात न आलेल्या नराचे वृषणही लहानच असतात, आणि त्याला आजारी प्रौढ समजणं ही नेहमीची चूक आहे. पुढच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला, मनगटाच्या जरा वर, बोटाने चाचपलं की पिल्लाच्या हाडावर एक छोटं टेंगूळ लागतं. ती वाढीची कूर्चा असते. सात-आठ महिन्यांत ती भरून जाते आणि टेंगूळ हाताला लागेनासं होतं. पण फेब्रुवारीत जन्मलेलं पिल्लू नोव्हेंबरात या कसोटीवर प्रौढ ठरतं, म्हणून दुसरी कसोटी हवी: डोळ्याचं भिंग. दोन्ही डोळे १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये काही आठवडे ठेवायचे, भिंग अलगद काढून १०० अंशांच्या ओव्हनमध्ये २४ तास सुकवायचं आणि लगेच तोलायचं. उघडं राहिलं तर ते हवेतली ओल पिऊन जड होतं. एका भिंगाचं वजन साधारण २८० मिलीग्रॅमच्या खाली असेल तर ससा त्याच वर्षीचा. फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी डोळा गोठला असेल तर भिंग तडकतं आणि वजन भरवशाचं राहत नाही. थंडीतल्या हाक्यानंतर गाडीच्या टपावर रात्रभर पडलेल्या सशांचं नेमकं हेच होतं.

वृषणाची लांबी, रुंदी, जाडी व्हर्नियरने मिलिमीटरमध्ये घ्यायची, तिघांचा गुणाकार करून ०.५२ने गुणायचं, की घनफळ मिळतं. जिवंत नरात हेच माप अल्ट्रासाउंडवर घेतात आणि सोबत आतला पोतही पाहतात. निरोगी वृषण पडद्यावर एकसारखा करडा दिसतो. पांढुरके ठिपके किंवा काळे पोकळ डाग दिसले तर चुना साचला आहे किंवा पू झाला आहे असा संशय घ्यायचा. डावा-उजवा दोन्ही मोजायचे, एकावर भागवायचं नाही.

शुक्राणू अधिवृषणाच्या शेपटाकडच्या फुगीर भागातून काढतात. ससा मेल्यापासून दोन-तीन तासांत हे झालं तर उत्तम. तेवढ्यात जमणार नसेल तर वृषण अधिवृषणासकट पिशवीत घालून ४ ते ५ अंशांवर ठेवायचा, पण बर्फाला थेट टेकवायचा नाही. थंडीच्या झटक्याने शुक्राणूंची शेपटं वाकतात आणि तो दोष नराच्या माथी लागतो. शेपटाकडचा तुकडा ३७ अंशांच्या क्षारयुक्त द्रावणात ठेवून बारीक ब्लेडने चार-पाच ठिकाणी चिरायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. शुक्राणू आपले आपण पोहत बाहेर येतात. तुकडा पिळायचा नाही. पिळला की रक्त आणि पेशींचा कचरा मिसळतो आणि मोजणी फसते.

काचपट्टीही ३७ अंशांवर हवी, आणि अगदी कोरडी. धुतलेल्या काचेवर साध्या पाण्याचा एक थेंब राहिला तरी शुक्राणूंच्या शेपटांची वेटोळी होतात. एका नराच्या नमुन्यात निम्म्याहून जास्त वेटोळ्या दिसल्या तर नरावर शेरा मारण्याआधी नवीन काचेवर दुसरा थेंब घ्यावा.

मोजणी न्यूबावर चेंबरमध्ये, म्हणजे चौकटी कोरलेल्या मोजणीच्या काचेवर. नमुना वीसपट पातळ करून मधल्या चौकटीच्या २५पैकी ५ घरांत मोजायचं. समजा १२० भरले. १२० गुणिले ५, म्हणजे पूर्ण चौकटीत ६००. चेंबरच्या खोलीमुळे त्याला १०,०००ने गुणायचं, मग वीसपट. आकडा आला १२ कोटी प्रति मिलिलिटर. दोन्ही बाजूंनी चेंबर भरून दोनदा मोजायचं, आणि फरक १० टक्क्यांहून जास्त आला तर तिसऱ्यांदा. मेलेले किती हे पाहायला इओसिन-निग्रोसिनचा रंग: मेलेल्यांचं डोकं गुलाबी होतं, जिवंत पांढरं राहतं. निदान २०० तरी पाहायचे. आकाराची विकृती मोजताना एक ध्यानात ठेवा. अधिवृषणातून काढलेल्या शुक्राणूंच्या मधल्या भागाच्या खालच्या टोकाशी जीवद्रव्याचा बारीक थेंब लटकलेला असतो. तो दोष नाही, वीर्यपतनाच्या वेळी तो गळून जातो. तोच थेंब डोक्याजवळ, मानेशी असेल तर शुक्राणू कच्चा.

आणखी एक फसगत उलट दिशेची आहे. वृषणाचं काम थांबल्यावरही अधिवृषणात जुना साठा काही काळ टिकतो. त्यामुळे उतरणीच्या सुरुवातीला साठा भरलेला आणि कारखाना बंद, अशी अवस्था सापडते. निव्वळ शुक्राणू मोजणारा तिथे नराला पूर्ण सक्षम ठरवेल. म्हणून वृषणाचा छेद, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा पातळ काप, पाहिल्याशिवाय निकाल नाही. छेदासाठी ऊती टिकवणारं बूआँचं द्रावण वापरावं, साध्या फॉर्मॅलिनमध्ये शुक्रनलिका (शुक्राणू जिथे तयार होतात त्या बारीक नळ्या) आक्रसून भिंतींपासून सुटतात. वृषणाच्या वरच्या पांढऱ्या आवरणाला दोन-तीन चिरा द्याव्यात, नाहीतर द्रावण आत पोहोचेपर्यंत मधला भाग कुजू लागतो. २४ तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये.

या छेदात, माझ्या मते, सगळ्या वादाचा निकाल आहे. हंगामी विश्रांतीत असलेल्या वृषणात सगळ्याच नलिका एकाच अवस्थेत दिसतात: व्यास लहान, भिंतीशी मूळ पेशी आणि आधार देणाऱ्या सर्टोली पेशी शाबूत, फक्त पुढचे टप्पे गायब. जणू साऱ्या गावाने एकाच दिवशी दुकानं बंद केली. आजारात तसं नसतं. एक नलिका धडधाकट, शेजारची ओस, तिसरीत अनेक केंद्रकांच्या राक्षसी पेशी, मध्ये पांढऱ्या पेशींचा घोळका आणि व्रणाचे तंतू. बहुतेक वेळा एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. विषबाधा, संसर्ग आणि ऋतू यांत गल्लत होऊ नये यासाठी एवढा फरक ओळखता आला तरी पुष्कळ झालं.

मग रोगट नर सापडतात का? सापडतात. ठळक कारण ब्रुसेला सुइस या जिवाणूचा दुसरा जीवप्रकार. तो रानडुकरांत आणि रानसशांत राहतो. नरात वृषण आणि अधिवृषणात गाठी होतात, आत घट्ट पिवळसर पू, कधी वृषण कित्येक पट सुजतो. मादीच्या गर्भाशयातही त्याच गाठी. डेन्मार्कमध्ये १९९०च्या दशकात उघड्यावर पाळलेल्या डुकरांना हा रोग झाला आणि बोट सशांकडे गेलं. सशांचा उपदंशासारखा एक रोग आहे, ट्रेपोनेमा जातीच्या जिवाणूंचा, तो समागमातून पसरतो आणि जननेंद्रियांवर फोड आणतो. पिकांतून येणारं कॅडमियम (एक विषारी धातू) वयस्कर सशांच्या मूत्रपिंडात साचतं. या नोंदी महत्त्वाच्या आहेत आणि त्या ठेवल्याच पाहिजेत. पण साऱ्या खंडाची साठ वर्षांची घट पेलण्याएवढे रुंद त्यांचे खांदे नाहीत. शिवाय चरबीत साचणाऱ्या विषांचा मोठा बोजा पडतो तो मासे आणि मांस खाणाऱ्यांवर. ससा अन्नसाखळीच्या पहिल्याच पायरीवरचा. त्याला धोका थेट फवाऱ्याचा, आणि तो थोड्या काळाचा.

आता हिशेब मांडू, कारण नराचा वाटा नेमका किती हे इथे कळतं.

वसंतात १०० प्रौढ ससे आहेत असं धरा, ५० नर, ५० माद्या. वर्षभरात ढोबळमानाने निम्मे प्रौढ मरतात. ती ५० जणांची भरपाई व्हायची तर प्रत्येक मादीमागे एक पिल्लू पुढच्या वसंतापर्यंत जगायला हवं. मादी वर्षाला तीन-चार वेतं देते, वेताला एक ते चार पिल्लं, धरू १०. म्हणजे दहातलं एक जगलं की संख्या स्थिर. वीसातलं एक जगलं तर पुढच्या वसंतात ५० प्रौढ आणि २५ तरणे, एकूण ७५. वर्षात चौथा हिस्सा गेला. तीन वर्षांत १००चे ४२ होतात.

याच हिशेबात आता १० नर पूर्ण वांझ करा. काय होतं? जवळजवळ काहीच नाही. माजावरच्या मादीभोवती अनेक नर घोटाळतात, तीही एकाहून अधिक नरांशी संग करते आणि एका वेतात दोन बापांची पिल्लं असू शकतात. उरलेले ४० नर ५० माद्यांना पुरून उरतात. गावात एक वळू असला तरी साऱ्या गाई गाभण राहतात, तसाच हा मामला. नराचा दोष संख्येत उमटायचा तर बहुसंख्य नर नापीक व्हावे लागतील, आणि तसं झालं तर रिकाम्या राहिलेल्या माद्या दिसतील.

त्या पाहण्याची पद्धतही आहे. शिकारीतल्या मादीचं गर्भाशय उघडून १० टक्के अमोनियम सल्फाइडच्या द्रावणात दहा मिनिटं ठेवतात. जिथे जिथे वार चिकटली होती तिथे रक्तातलं लोह उरलेलं असतं, तो डाग काळा पडतो. डाग मोजले की त्या वर्षात किती गर्भ रुजले ते समजतं, आणि गडद-फिक्या छटांवरून वेतंही वेगळी काढता येतात. व्हिएन्नातल्या वन्यजीव संशोधकांनी ऑस्ट्रियातल्या कमी घनतेच्या भागांतल्या माद्या तपासल्या. त्या भरपूर वीत होत्या. ज्या मादीच्या पोटात इतके डाग आहेत, तिच्या भागातला नर वांझ कसा म्हणायचा? नराची इतकी पक्की परीक्षा सूक्ष्मदर्शकाखालीही होत नाही. वयस्कर माद्यांच्या गर्भाशयात मात्र गळू आणि अस्तराचे दोष वाढलेले आढळतात, तेव्हा वांझपण शोधायचंच असेल तर आधी तिथे शोधावं.

रानसशाच्या नराची ताकद किती याचा दाखला बर्लिनच्या लायबनिट्स या वन्यजीव संशोधन संस्थेच्या कामातून मिळाला. त्यांनी २०१०मध्ये अल्ट्रासाउंड आणि पितृत्वाच्या चाचण्या एकत्र करून, गाभण मादी विण्याआधीच पुन्हा गाभण राहते का, हा एक जुना वाद मिटवला. मादी विण्याच्या तीन-चार दिवस आधीच पुन्हा माजावर येते, नर तिला भेटतो आणि त्याचे शुक्राणू पूर्ण वाढलेल्या गर्भांनी भरलेल्या गर्भाशयातून वाट काढत बीजवाहिनीत पोहोचतात. नवे गर्भ तिथेच थांबतात. जुनं वेत बाहेर पडलं की खाली उतरून रुजतात. ४२ दिवसांची गर्भावस्था, पण दोन वेतांतलं अंतर ३८ दिवसांवर येतं. मादीचं बीज समागमानंतरच सुटतं, म्हणून नर ऐन वेळी हजर असणं गरजेचं. मार्चमध्ये शेतात दोन ससे मागच्या पायांवर उभे राहून थपडा मारताना दिसतात, ते दोन नर असतात असा समज फार जुना. १९८४मध्ये निरीक्षणातून दाखवलं गेलं की बहुतेक वेळा ती अजून तयार नसलेली मादी असते आणि नराला झिडकारत असते.

इथे घनतेचा मुद्दा येतो आणि नराच्या बाजूने एवढंच मी मान्य करतो. १०० हेक्टरांत दोनच ससे उरले तर त्या तीन-चार दिवसांत नर जवळ नसण्याची शक्यता वाढते. नर सक्षम आहे, पण गाठ पडत नाही. वेतामागे काही दिवस वाया जातात आणि हंगामात एखादं वेत कमी पडतं. यावर औषध वीर्यतपासणीचं नाही. विखुरलेल्या शेतांना जोडणाऱ्या बांधांचं आणि पडीक पट्ट्यांचं आहे.

उत्तर अमेरिकेतल्या बर्फसशाचं उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण तिथे नराच्या शरीरात घट खरोखर नोंदली गेली. त्यांची संख्या साधारण दहा वर्षांच्या चक्राने चढते-उतरते. कॅनडात युकॉनमधल्या क्लुएन भागात दिसलं की उतरणीच्या वर्षांत लिंक्स हे रानमांजर आणि इतर शिकारी प्राणी यांच्या सततच्या धास्तीने सशांच्या रक्तात मोकळं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढतं आणि नराचा टेस्टोस्टेरॉनचा प्रतिसाद मंदावतो. माद्यांची पिल्लंही निम्म्याहून खाली येतात. म्हणजे भीती प्रजननात उतरते. युरोपच्या शेतातल्या सशावर हे जसंच्या तसं लावू नये. तिथली घट चक्राची नाही, एकाच दिशेची आहे.

तर मग गळती कुठे आहे? मेच्या पिल्लात.

जन्मताना ते १०० ते १३० ग्रॅमचं. आई त्याला उघड्यावर सोडून जाते आणि दिवसातून एकदाच, सूर्यास्तानंतर पाऊण तासाच्या सुमारास, काही मिनिटं दूध पाजायला येते. तेवढ्या एका पाजण्यावर २४ तास काढायचे म्हणून दूध कमालीचं दाट, गाईच्या दुधाच्या कितीतरी पट स्निग्ध. ती चरबी आईला मिळते रानटी फुलझाडांतून, तणांच्या बियांतून. शेत नुसतं गव्हाचं झालं, तण मारलं गेलं, बांध नांगरला गेला की दूध पातळ होतं असं नाही, पण आई झिजते आणि शेवटच्या वेतांना कमी पुरवते. पाऊस आणि गारठा असेल तर ओलं पिल्लू ऊब राखू शकत नाही. कोल्ह्याला अरुंद गवती पट्टा मिळाला की तो दोन्ही काठांनी हुंगत जातो. पट्टा रुंद आणि विरळ असेल तर त्याचं काम अवघड होतं. त्यात गवत कापणीचं यंत्र. संकट आलं की पिल्लू पळत नाही, अंग चोरून निपचित बसतं. कोल्ह्यापुढे ही युक्ती लाखमोलाची, पात्यापुढे प्राणघातक. चाऱ्यासाठी दर चार-सहा आठवड्यांनी कापणी होते आणि पिल्लाचं दूध सुटायलाच महिना लागतो. कापणी शेताच्या मधून सुरू करून बाहेर न्यावी, म्हणजे चालता येणाऱ्यांना वाट मिळते. कडेपासून आत गोल गोल गेलं की सगळी मधल्या तुकड्यात कोंडतात. पातं जमिनीपासून १० सेंटिमीटरवर ठेवलं तरी बरीच वाचतात. अगदी लहान पिल्लांना मात्र दोन्हीचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी पहाटे, जमीन थंड असताना, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा ड्रोन फिरवावा. ऊन चढलं की दगडही पिल्लाएवढेच चमकतात.

गळती खरंच इथे आहे हे मोजायची रीत साधी आहे. मार्चमध्ये पिकं उंच होण्याआधी आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या वेगाने गाडी चालवत हातदिव्याने १५० मीटरपर्यंतचं शेत उजळायचं आणि ससे मोजायचे. जर्मनीत २००१पासून वन्यप्राणी माहिती प्रकल्पात हीच पद्धत वापरतात. वसंतात ४० आणि शरदात ४४ म्हणजे वाढ फक्त दहा टक्के: एवढ्या वेतांमधून हाती काही लागलं नाही. धुक्यात मोजू नये. एकाच रात्रीवर विसंबू नये. आणि दोन्ही वेळी दिवा तोच असावा, नवीन प्रखर दिवा आणला की ससे कागदावर वाढतात.

आपल्याकडे, महाराष्ट्राच्या माळरानांवर, मानेवर काळा पट्टा असलेला भारतीय रानससा आहे, लेपस नायग्रिकॉलिस. विषुववृत्ताकडे जावं तसा दिवसरात्रीच्या लांबीतला फरक कमी होतो. हा ससा वर्षभर वितो आणि पावसाळ्यात जास्त. त्यामुळे युरोपचं महिन्यांचं कोष्टक इथे उचलून लावता येणार नाही. इथे पाहावं लागेल ते पाऊस आणि गवत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार बंद आहे, म्हणून नमुना मिळेल तो रस्त्यावर गाडीखाली आलेला, आणि तोही वनविभागाच्या परवानगीनेच उचलायचा. उन्हात डांबरावर पडलेल्या नराचे शुक्राणू मोजण्यात अर्थ नाही. पण वृषणाचं माप, छेद आणि डोळ्याचं भिंग पहाटे लवकर उचललेल्या सशातून मिळू शकतं. बाटलीच्या लेबलवर पेन्सिलीने लिहा, शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. पहिल्या ओळीत तारीख, दुसऱ्या ओळीत उचलल्याची वेळ, मग गाव आणि गट क्रमांक, आधीच्या तीस दिवसांचा पाऊस, डाव्या-उजव्या वृषणाची तिन्ही मापं, पुढच्या पायाला टेंगूळ लागलं की नाही. मृत्यूचं कारण शेवटी लिहिलं तरी चालेल.